हायड्रिखच्या हत्येवरची चित्रकादंबरी : पान ११२ नंतर हात चालत नाही

रेघ_आणि_शाई

नमस्कार मंडळी,

इथे दुसऱ्या महायुद्धावर मन लावून वाचणारे लोक आहेत आणि चित्रं काढणारेही आहेत. मला दोघांचीही मदत हवी आहे, म्हणून जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

अडीच वर्षं झाली, एका चित्रकादंबरीवर काम करतोय. विषय : प्राग, २७ मे १९४२, राइनहार्ट हायड्रिखवरचा हल्ला. लिखाण माझंच, चित्रंही माझीच. काळी शाई आणि पाण्याने पातळ केलेला एकच राखाडी हात, दुसरा रंग नाही. ११२ पानं शाईसकट पुरी आहेत. त्यानंतर चार महिने झाले, एकही चौकट मनासारखी उतरलेली नाही.

विषय नवा असेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हायड्रिख हा गेस्टापो (नाझींचे गुप्त पोलिस), गुन्हे पोलिस आणि एसएस या नाझी सशस्त्र संघटनेचं हेरखातं एका छताखाली चालवणारा माणूस. सप्टेंबर १९४१ मध्ये त्याला बोहेमिया-मोराव्हियाचा, म्हणजे जर्मनांनी व्यापलेल्या चेक प्रदेशाचा, कारभार बघायला प्रागला पाठवलं. आल्या आल्या त्याने लष्करी कायदा पुकारला आणि माणसं मारायला सुरुवात केली. युरोपातल्या ज्यूंच्या संहाराची कामं सरकारी खात्यांमध्ये वाटून देणारी व्हान्झेची बैठक २० जानेवारी १९४२ला झाली, तीही याच्याच अध्यक्षतेखाली. तिकडे लंडनमध्ये एडवर्ड बेनेश यांचं परागंदा चेकोस्लोव्हाक सरकार होतं. त्यांच्या हेरखात्याने ब्रिटिशांच्या एसओईला (शत्रूच्या मुलखात घातपात घडवणारं गुप्त खातं) बरोबर घेऊन दोन सैनिक तयार केले, स्लोव्हाक योझेफ गाबचीक आणि मोराव्हियाचा यान कुबिश. मोहिमेचं नाव ‘अँथ्रोपॉइड’. २८ डिसेंबर १९४१च्या रात्री हॅलिफॅक्स विमानातून त्यांनी उड्या टाकल्या. उतरायचं होतं पिल्झेनजवळ, उतरले प्रागच्या पूर्वेला नेहविझ्दी गावापाशी, बर्फात. गाबचीकचा पाय दुखावला. तिथून पुढे पाच महिने हे दोघं लोकांच्या घरात राहिले.

हल्ल्याची १४ पानं मला चांगली साधली आहेत असं वाटतं. लिबेन भागातलं ते तीव्र वळण, कोटाखाली स्टेनगन धरून उभा असलेला गाबचीक, वरच्या बाजूला इशारा द्यायला थांबलेला त्यांचा साथीदार व्हाल्चिक. सकाळचे साडेदहा. हायड्रिखची उघडी मर्सिडीझ वळणावर हळू होते, गाबचीक कोट टाकून बंदूक रोखतो, घोडा दाबतो आणि गोळी सुटतच नाही. त्या एका क्षणाला मी नऊ चौकटी दिल्या आहेत. सहाव्या चौकटीत फक्त त्याचं बोट आहे, नखाखालच्या मळासकट. मग हायड्रिख गाडी पळवायला सांगायचं सोडून थांबवायला सांगतो, स्वतः उठून पिस्तूल काढतो, आणि कुबिशचा बॉम्ब मागच्या उजव्या चाकाशी फुटतो. इथवर हात सुसाट चालला होता.

अडलंय ते पुढे.

पान ११३ वर मला कारेल चुर्दा काढायचा आहे. हाही लंडनहून पाठवलेलाच सैनिक, मार्च १९४२ मध्ये उतरलेल्या वेगळ्या तुकडीतला. हल्ल्यानंतर तो आईच्या घरी, गोठ्यात लपून होता. हल्ल्याचा सूड म्हणून जर्मनांनी लिडित्से गाव बेचिराख केल्याची बातमी आली. आधी त्याने एक निनावी पत्र पाठवलं, आणि १६ जूनला स्वतः पेचेक पॅलेसमध्ये, म्हणजे प्रागच्या गेस्टापो कचेरीत, चालत गेला. सोबत्यांचा ठावठिकाणा त्याला माहीत नव्हता, पण त्यांना आसरा देणाऱ्या घरांचे पत्ते माहीत होते. ते त्याने दिले.

मी त्याचा चेहरा अकरा वेळा काढला. दर वेळी तो खलनायक होतो. डोळे आपोआप बारीक होतात, जबड्यावर सावली पडते. मी त्याला आधीच दोषी ठरवून बसलोय आणि हात तेच लिहितोय. पण त्या गोठ्यात, आईच्या घरात, तीन आठवडे तो नक्की काय बघत होता हे मला दाखवता येत नाही.

दुसरं असं की पुस्तक संपवायचं कुठे? मूळ आराखड्यात शेवट होता रेस्लोव्हा रस्त्यावरच्या संत सिरिल आणि मेथोडियसच्या चर्चमध्ये. १८ जूनच्या पहाटे शेकडो एसएस सैनिकांनी वेढा दिला. आत सात जण. तिघे वर गायकांच्या सज्जात, चौघे तळघरात. तास न् तास लढले, अग्निशमन दलाचे बंब लावून तळघरात पाणी सोडलं तरी शरण आले नाहीत. शेवटच्या गोळ्या तळघरातल्या चौघांनी स्वतःवर झाडल्या.

तीन वर्षांपूर्वी मी तिथे जाऊन आलो. रस्त्याच्या बाजूला तळघराची एक बुटकी, आडवी खिडकी आहे. तिच्याभोवतीचे गोळ्यांचे खड्डे अजून तसेच ठेवले आहेत. त्या दिवशी कुणीतरी खालच्या कठड्यावर एक पणतीसारखा दिवा आणि देठ तुटलेला एकच कार्नेशन ठेवला होता. मी गुडघ्यावर बसून खिडकीचं माप घ्यायला लागलो. वीतभर मोजली आणि हात थांबला. आत चार माणसं असताना याच फटीतून पाण्याची नळी आत आली होती. तिथेच ठरवलं की पुस्तक या खिडकीवर संपवायचं, आतून बाहेर बघताना.

आता मात्र तो शेवट मला खोटा वाटतो. खोटा म्हणजे घडलेलं चुकीचं सांगणारा नव्हे. तो दोन शूर माणसांवर संपतो, आणि ज्यांनी दारं उघडली त्यांच्याबद्दल काहीच बोलत नाही. झिझ्कोव्हमधल्या मारिए मोराव्ह्त्सोव्हांना माझ्या ११२ पानांत मिळून सात चौकटी आहेत. त्यातल्या पाचांत त्या स्वयंपाकघरात पाठमोऱ्या आहेत.

कुणी अशा प्रसंगातून गेलं असेल, किंवा नुसतं वाचक म्हणून काही वाटत असेल, तर मोकळेपणाने लिहा. पानं टाकून द्यावी लागली तरी चालेल.

---

जुना_नकाशा

तुमचं लेखन वाचून आनंद झाला. शेवटाकडे येतोच, पण त्याआधी एक वाईट बातमी.

तुम्ही मागे एका चर्चेत वळणाचं पान चिकटवलं होतं ते मी जपून ठेवलंय. त्यात ट्राम आणि मोटारी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालल्या आहेत. तुम्ही बहुधा १९३०च्या दशकातले फोटो समोर ठेवले असणार. तेव्हा प्रागमध्ये वाहतूक खरोखरच डावीकडून होती. पण जर्मन सैन्य घुसलं आणि मार्च १९३९ मध्ये ती उजवीकडे आली. १९४२ मध्ये सगळं उजव्या बाजूने.

ही बारीक खोड काढतोय असं समजू नका. गाडी चढावरून खाली आली आणि उजवीकडे वळली. उजव्या बाजूने चालत असल्यामुळे ती वळणाच्या आतल्या कडेला, फुटपाथला लागून आली. हायड्रिख मागे बसला नव्हता, पुढे चालकाच्या शेजारी, म्हणजे फुटपाथच्याच बाजूला होता. गाबचीक आणि तो यांच्यात काही पावलांचं अंतर होतं. तुमच्या चित्रात मध्ये अख्खी एक गल्ली राहील एवढी जागा आहे. तुमच्या नऊ चौकटींचा जीव त्या अंतरातच आहे.

पाट्याही बघून घ्या. रस्त्यांची नावं तेव्हा दोन भाषांत, वर जर्मन आणि खाली चेक. आणि हायड्रिखला इस्पितळात नेलं ते रुग्णवाहिकेतून नव्हे. रस्त्यावरचीच एक मालवाहू गाडी थांबवली, तीत फरशीच्या पॉलिशचे डबे होते, आणि त्याला मागे पालथं घालून बुलोव्काला नेलं. तो जागीच मेला नाही, ४ जूनला मेला. जखमेत विष पसरून. मधले आठ दिवस तुमच्या पुस्तकात आहेत का? त्या आठ दिवसांत शहरात काय चाललं होतं ते दाखवा. व्हेन्सेस्लास चौकात बाटाच्या दुकानाच्या काचेत सापडलेल्या वस्तू मांडून ठेवल्या होत्या : एक सायकल, दोन ब्रीफकेस, एक कोट. कुणी ओळखून नाव सांगितलं तर एक कोटी क्राउन. लोक त्या काचेसमोरून जात होते. त्यातले काही जण ती सायकल चांगली ओळखत होते.

आता शेवटाबद्दल. मला वाटतं तुमची अडचण शेवटात नाही, सुरुवातीत आहे. तुम्ही विमानापासून सुरू केलंय. त्यामुळे वाचक या दोघांबरोबर आकाशातून त्या देशात उतरतो आणि खाली राहणारी माणसं त्याला ‘मदतनीस’ वाटतात. पण देशातल्या लोकांचा छुपा प्रतिकार त्याआधीपासून चालू होता आणि त्यांचं स्वतःचं मत होतं. मे १९४२ मध्ये, हल्ल्याच्या थोडंच आधी, त्यांनी बिनतारी यंत्रावरून लंडनला कळवलं होतं की हायड्रिखला मारू नका, इथे भयंकर सूड उगवला जाईल, मारायचाच तर जर्मनांचा कुणी चेक हस्तक निवडा. सोकोल ही व्यायामसंस्था हायड्रिखने आधीच मोडून काढली होती, तिचे कितीतरी लोक तुरुंगात होते. सूड म्हणजे काय हे त्यांना ऐकीव माहितीवरून कळायची गरज नव्हती.

म्हणजे ज्यांना किंमत मोजावी लागणार होती त्यांनी ‘नको’ म्हटलं, आणि तरीही त्यातल्याच कितीतरी जणांनी २७ मेच्या दुपारी दार उघडलं. हे एका पानावर यायला हवं. मी त्या निर्णयाच्या बाजूने की विरुद्ध हे मला आजही ठरवता आलेलं नाही. ब्रिटनने ऑगस्ट १९४२ मध्ये म्युनिक करार (१९३८चा, चेकोस्लोव्हाकियाचा भाग जर्मनीला देणारा) आपल्यावर बंधनकारक नाही असं जाहीर केलं, बेनेश यांना हवं होतं ते मिळालं. ते एका पारड्यात. दुसऱ्या पारड्यात काय आहे ते तुम्हाला माहीत आहे.

---

सांजवात

दादा, मी चित्रकार नाही, वाचक आहे. शाळेत आठवी-नववीला इतिहास शिकवते, त्यामुळे मला या गोष्टीत एकच व्यक्ती कायम दिसत राहते, आणि तुमच्या लेखनात तिचं नाव नाही. यिंद्रिश्का नोव्हाकोव्हा.

हल्ल्यानंतर कुबिश सायकलवरून निसटला. त्याच्याच बॉम्बचे कपचे त्याच्या चेहऱ्यात घुसले होते. लिबेनमध्येच त्याने सायकल एका दुकानापाशी सोडली आणि ओळखीच्या नोव्हाक कुटुंबाकडे गेला. घरातल्या बाईंनी त्याची जखम बघितली, आणि मग लक्षात आलं की सायकल रस्त्यावर आहे. ती तिथे राहिली तर पोलिस घरापर्यंत येणार. म्हणून त्यांनी धाकट्या मुलीला पाठवलं. ती गेली, सायकल घेतली आणि ढकलत घरी आणली. तिला जाताना कुणीतरी पाहिलं. ती तेव्हा नुकतीच चौदा वर्षांची झाली होती.

नंतर गेस्टापोने त्या भागातल्या मुलींना बोलावून साक्षीदारांसमोरून सायकल धरून चालायला लावलं. यिंद्रिश्काही चालली. तिला कुणी ओळखलं नाही.

तुम्ही बोटाच्या नखातला मळ काढलात, तर मला हे पान बघायचं आहे. एक मुलगी सायकल धरून दोनदा चालते. पहिल्यांदा तिने चटकन जायचं आहे पण धावायचं नाही. दुसऱ्यांदा तिने पहिल्यांदाच परकी सायकल हातात धरल्यासारखं चालायचं आहे. माझ्या वर्गातल्या मुली सायकल कशा धरतात ते मी रोज बघते. सवयीची सायकल असेल तर एक हात सीटवर असतो, मान वर असते. परकी असेल तर दोन्ही हात हँडलवर, आणि पायडल पोटरीला लागतं म्हणून अंग बाहेरच्या बाजूला कललेलं. या दोन चालींत फरक दिसला तर तुम्हाला एकही फुगा लिहायची गरज पडणार नाही.

पुढे काय झालं ते तुम्ही जाणताच. चुर्दाने पत्ते दिले, धरपकड झाली, एका घरातून दुसऱ्या घराचं नाव निघालं. २४ ऑक्टोबर १९४२ रोजी मौथाउझेनच्या छळछावणीत २६२ जणांना, या सैनिकांचे नातेवाईक आणि आसरा देणारे, एकेक करून मारलं. वैद्यकीय तपासणी आहे, उंची मोजायची आहे असं सांगून आत घेत होते. नोव्हाक कुटुंब त्यात होतं. यिंद्रिश्काही त्यात होती.

तुम्ही विचारलंत पुस्तक कुठे संपवू. मला ते चर्चच्या खिडकीवर संपायला नकोय. त्या खिडकीमागच्या सात जणांच्या हातात बंदुका होत्या, आपण कुठे उडी मारतोय हे त्यांना विमानात बसताना ठाऊक होतं. त्यांच्या धैर्याला मी जराही कमी लेखत नाही. पण या मुलीला कुणी त्या सैनिकांसारखं स्कॉटलंडमध्ये नेऊन शिकवलं नव्हतं. तिला आईने सांगितलं, जा, सायकल घेऊन ये.

मोराव्ह्त्सोव्हाबाईंना पाठमोऱ्या ठेवू नका हीसुद्धा विनंती. सैनिक त्यांना मावशी म्हणत. १७ जूनच्या पहाटे गेस्टापो घरात शिरले तेव्हा त्यांनी शौचालयात जायची परवानगी मागितली आणि सायनाइडची कुपी चावली. त्यांचा मुलगा व्लास्तिमिल, घरचं नाव आत्या (आपल्याकडच्या नात्याशी संबंध नाही, त्यांच्याकडे असं लाडकं नाव असतं), त्याला पकडून नेलं. सैनिकांना शहर दाखवत, निरोप नेत फिरणारा हाच मुलगा होता. तोही २४ ऑक्टोबरच्या त्या यादीत आहे.

---

रेघ_आणि_शाई

@जुना_नकाशा, डोकं धरून बसलोय. तुमचं बरोबर आहे, फोटो १९३५च्या आसपासचे होते. ट्रामच्या बाजूचा विचार माझ्या मनातही आला नव्हता.

@सांजवात ताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. यिंद्रिश्का माझ्या वहीत होती. पहिल्या वर्षी केलेल्या टिपणात तिचं नाव आहे, पुढे बाण काढून लिहिलंय, ‘वेग मंदावतो, वगळणे’. ते माझं अक्षर आहे. हल्ल्याचा थरार तुटू नये म्हणून मी तिला काढलं होतं.

एक प्रश्न अजून तसाच आहे. लिडित्से. ते दाखवायचं की नाही? १० जूनला १७३ पुरुष एका शेतघराच्या भिंतीपाशी गोळ्या घालून मारले, बायका राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत पाठवल्या, ८२ मुलं खेल्म्नोच्या मृत्युछावणीत नेऊन मारली. आणि त्या गावाचा या मोहिमेशी काही संबंध नव्हता. एका कारखान्यात आलेल्या पत्रातल्या संदिग्ध ओळींवरून संशय घेतला गेला, इतकंच. माझ्याकडे त्या भिंतीचे फोटो आहेत. आठ दिवस समोर लावून बसलो होतो. काढायला घेतलं की पोटात ढवळतं.

---

कोरी_चौकट

पोटात ढवळतंय ते ऐका, त्याला कारण आहे.

ते फोटो कुणी काढले याचा विचार केलात का? ते मारणाऱ्यांनी काढले. लिडित्सेचा विध्वंस जर्मनांनी स्वतः चित्रित केला, घरं जाळताना, सुरुंग लावताना. तीच फीत पुढे न्यूरेंबर्गच्या खटल्यात पुरावा म्हणून दाखवली गेली. कॅमेरा जिथे उभा होता तिथे मारेकऱ्यांचेच लोक उभे होते. तुम्ही तो फोटो बघून चित्र काढता तेव्हा तुमची नजर नेमकी त्याच जागी जाऊन उभी राहते. मी एका फाळणीवरच्या लहान कॉमिकसाठी असंच एका अधिकाऱ्याच्या फोटोवरून काढलं होतं. छापून आल्यावर माझ्या बहिणीने विचारलं, हे कोण बघतंय? मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून माझा सल्ला : लिडित्से दाखवा, पण त्या कोनातून नको. गोळ्या भिंतीवर आपटून उलटू नयेत म्हणून घराघरांतून गाद्या आणून त्या भिंतीला टेकवल्या होत्या. मी फक्त गाद्या काढेन. घरातून बाहेर येणाऱ्या, कुणाच्या तरी अंगाचा खळगा अजून राहिलेल्या. चार चौकटी. भिंत नाही, माणसं नाहीत, बंदुका नाहीत. पाचव्या चौकटीत चुर्दाची आई वर्तमानपत्र हातात घेऊन गोठ्याच्या दारात. जर्मनांनी लिडित्सेची गोष्ट लपवली नव्हती, स्वतःहून जाहीर केली होती. धाक बसावा म्हणूनच. तिथून तुम्ही चुर्दाकडे जाल तर त्याचा चेहरा काढायला तुम्हाला खलनायक आठवावा लागणार नाही. त्याच्या आईचं गावही लहानच आहे. तिच्या घरातही गाद्या आहेत.

यामुळे त्याने केलेलं हलकं होतं का? मला नाही वाटत. त्याने बक्षिसाचे पैसे घेतले, जर्मन नाव घेतलं, चर्चमधले मृतदेह ओळखून दिले आणि युद्ध संपेपर्यंत गेस्टापोसाठी काम केलं. १९४७ मध्ये पांक्रात्सच्या तुरुंगात फाशी गेला. हे सगळं काढाच. पण पहिली पायरी भीतीची होती, आणि वाचकाला ती भीती स्वतःच्या पोटात जाणवली पाहिजे. नाहीतर तो चुर्दाला नुसता ‘तो गद्दार’ म्हणून मोकळा होईल. त्याच भीतीत राहून मोराव्ह्त्सोव्हाबाईंनी काय केलं हे मग शेजारच्या पानावर आपोआप मोठं दिसेल, तुम्हाला सांगावं लागणार नाही. ही दोन पानं समोरासमोर येतील अशी लावा. डावीकडे तो पेचेक पॅलेसच्या पायऱ्या चढतोय, उजवीकडे त्या दार उघडतायत. दोन्हीकडे दार एकाच उंचीवर.

तांत्रिक बाब. राखाडी हात हल्ल्याच्या पानांत तुम्ही सगळीकडे वापरलाय. तो तिथून काढून घ्या, नुसती रेघ राहू द्या. राखाडी फक्त घरांच्या आतल्या पानांसाठी ठेवा. पहिल्या भागातही. वाचकाला कारण कळणार नाही, पण घरात आलं की हवा बदलल्यासारखं वाटेल.

---

जुना_नकाशा

कोरी_चौकट यांच्या गाद्यांच्या सूचनेला माझं पूर्ण अनुमोदन. एक भर घालतो. चर्चची पानं ठेवणार असाल तर धर्मगुरूंना विसरू नका. बिशप गोराझ्द यांना ते सैनिक आपल्या चर्चमध्ये आहेत हे आधी माहीत नव्हतं. कळल्यावर आणि सगळं उघड झाल्यावर त्यांनी पत्रं लिहून सर्व जबाबदारी स्वतःवर घेतली, आपल्या लोकांना आणि चर्चला वाचवता यावं म्हणून. सप्टेंबर १९४२ मध्ये त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कोबिलिसीच्या मैदानात गोळ्या घातल्या. त्यांचं ते पत्र लिहिणं हीसुद्धा एक दार उघडण्यासारखीच गोष्ट होती.

---

सांजवात

समोरासमोरची दोन दारं वाचून अंगावर काटा आला. फक्त एक सुचवते. मोराव्ह्त्सोव्हाबाईंचं दार उघडतानाचं चित्र १७ जूनचं नको, डिसेंबरनंतरच्या कुठल्यातरी रात्रीचं असू द्या. पहिल्यांदा अनोळखी मुलगा दारात उभा आहे, बाहेर थंडी आहे, आणि त्या ‘ये आत’ म्हणतायत. शेवटची पहाट वाचकाला नंतर कळेलच.

---

रेघ_आणि_शाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री अडीचपर्यंत बसलो होतो. चार महिन्यांनी पहिल्यांदा टेबलावरून उठावंसं वाटलं नाही.

काय ठरलं ते सांगतो. चर्च ठेवतोय, खिडकीही ठेवतोय, पण ते आता शेवटचं पान नाही. त्यानंतर २२ पानं वाढतील. २६२ माणसांची चित्रं मी काढू शकणार नाही, बहुतेकांचे चेहरे मला मिळणारही नाहीत. म्हणून घरांची दारं काढतोय. बेल, पाटीची जागा, कडी, पायपुसणं. प्रत्येक दार वेगळं. सगळी बंद.

विमानाचं पहिलं प्रकरण मागे ढकलतोय. आता पुस्तक मोराव्ह्त्सोव्हाबाईंच्या स्वयंपाकघरात सुरू होतं. त्या समोरून दिसतात.

ताई, तुमचं सायकलचं पान झालंय, पेन्सिलमध्ये. शेजारच्या मुलीला सायकल धरून चालायला सांगितलं, आधी तिची स्वतःची, मग माझी. तुम्ही म्हणालात तसंच झालं, माझी सायकल धरली तेव्हा पायडल लागू नये म्हणून ती बाहेरच्या बाजूला कलली. पण एक गोष्ट तुम्हीही सांगितली नव्हती. परकी सायकल नेताना ती सारखी पुढच्या चाकाकडे बघत होती, रस्त्याकडे नाही. पहिल्या चालीच्या सहा चौकटींत यिंद्रिश्का चाकाकडे बघते, कारण सायकल कुबिशची आहे. दुसऱ्या चालीत तिने तसंच बघायचं आहे, पण आता जाणूनबुजून. ती सहावी चौकट अजून जमलेली नाही. डोळे खाली असले तरी तिला साक्षीदार दिसतोय हे कळलं पाहिजे, आणि ते मान न हलवता. आज पुन्हा बसतो.

चुर्दा बाराव्यांदा काढला. पाठीमागून, आईच्या दारातून बाहेर पडताना. चेहरा नाही.

आणि नकाशादादा, मोजलं. रस्त्याची बाजू चुकलेल्या चौकटी ३१ आहेत. नुसत्या उलट्या छापून भागणार नाही, कारण गाबचीक डावखुरा होईल. उद्यापासून एकेक नव्याने काढायला घेतो. वळणाचा १९४२च्या जवळपासचा चांगला नकाशा तुमच्याकडे असेल तर कळवा, फुटपाथची कड नेमकी कुठून वळते ते बघायचं आहे.